डोमाजीकाकांचं साल

डोमाजीकाकांनी एकदा सख्ख्या व्याह्यांच्या ओठापर्यंत गेलेला नीरेचा गिलास काढून घेतला होता. व्याही यवतमाळहून पहिली एसटी पकडून खास नीरा प्यायला आले होते. मुकुटबनला उतरले, ऑटोनं आमच्या गावच्या फाट्यापर्यंत आले आणि तिथून ढेकळं तुडवत शेतात पोचले. तोवर ऊन कपाशीच्या शेंड्यांवर आलं होतं. काकूंनी गिलास भरून दिला, व्याह्यांनी मान वर केली, तेवढ्यात काकांनी पूर्वेकडे एक नजर टाकली, गिलास त्यांच्या हातातून घेतला आणि चुलीवरच्या कढईत रिकामा केला.

"आता थे नीरा नाही राह्यली, इवाईबुवा," काका म्हणाले. "आता थे भांडण हाय."

ज्यांना शिंदीचं झाड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिंदी ही खजुराची रानटी बहीण. नाल्याकाठी, दोन शेतांमधल्या धुऱ्यावर ती आपसूक उगवते, अंगभर काटे बाळगते आणि कुणी पाणी घालावं अशी अपेक्षा ठेवत नाही. थंडीत तिच्या मानेशी काप दिला, बांबूची नळी बसवली आणि खाली मडकं बांधलं की रात्रभर थेंब थेंब गोड रस गळतो. ती नीरा. ऊन चढलं की ती आंबायला लागते, आणि आंबलेली पिऊन माणसं संध्याकाळी चौकात काय करतात ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. काकांनी आयुष्यात तसला एक थेंब घेतला नाही. त्यांच्या लेखी त्या रसाला दुसरं नावच नाही, तो म्हणजे भांडण. उजाडता उजाडता उरलेली नीरा काकू कढईत आटवायच्या आणि तिचा काळाभोर गूळ करायच्या. त्या दिवशी व्याह्यांच्या मुठीत त्यांनी गुळाचा खडा दिला म्हणून नातं टिकलं, असं गावात सगळे मानतात.

मी डोमाजीकाकांचा धुरेकरी. म्हणजे त्यांच्या आणि माझ्या शेताला एकच धुरा, त्यांचं शेत पूर्वेला, माझं पश्चिमेला. कापूस, तूर, जमलं तर सोयाबीन. लिहिण्याची खाज तेवढी मला जास्तीची आहे, काकांना झाडावर चढण्याची. ही विद्या त्यांच्या घराण्यातली नव्हे. काकूंचं माहेर पैनगंगेपलीकडचं, तेलंगणातलं. तिथं घरोघर शिंदी छेदणारे. काकूंच्या भावानं नव्या जावयाला झाडावर चढवलं, उतरताना काट्यांनी अंग सोलून घेतलेलं पाहून सगळं माहेर हसलं, आणि काका इरेला पेटले. लग्नात काय मिळालं असं कुणी विचारलं तर ते सांगायचे, "एक सायकल, एक घड्याळ अन् चढाची अक्कल. पहिल्या दोन गोष्टी केव्हाच्याच बिघडल्या."

गावात काका बनियनवर फिरतात. ग्रामपंचायतीच्या सभेलाही बनियनवरच येतात. पण झाडावर चढताना मात्र धुतलेला फुल बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावून. मी एकदा कारण विचारलं. कमरेला दोर आवळत ते म्हणाले, "मी तिच्या घरी जाऊन राह्यलो बे. बनियनवर कसा जाऊ?"

प्रत्येक झाडाला त्यांनी नाव ठेवलंय. एक नखरेल, तिच्या मडक्यात ढगाळ हवेला थेंब पडत नाही. एक पाटलीण, सगळ्यांत उंच. एक बहिरी, तिच्या खोडावर आधी दोन थापा माराव्या लागतात, नाहीतर म्हणे ती दचकते. दोन दिवस रस घेतला की झाडाला विश्रांती द्यायची ही रीतच आहे, पण काकांनी त्या विश्रांतीला पार सरकारी दर्जा दिला. सुट्टीवरच्या झाडाला ते लाल चिंधी बांधतात आणि त्या दिवशी त्याच्याखालून जाताना आवाजसुद्धा चढवत नाहीत. प्रशांतच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या लग्नाचा मुहूर्त काढायला भटजी बसले तेव्हा काकांनी एकच अट घातली, की मुहूर्त सगळ्या शिंदींच्या सुट्टीच्या दिवशी पाहिजे. भटजींनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, आधी झाडांचं पंचांग सांगा, मग माझं उघडतो.

त्यांचं एक पालुपद आहे, "झाडाले इचारलं का?" मी नवं बियाणं आणलं, झाडाले इचारलं का? सरपंचानं रस्ता वळवला, झाडाले इचारलं का? माझी बायको वंदना लग्न होऊन पहिल्यांदा आली आणि आम्ही पाया पडायला गेलो, तेव्हाही त्यांनी मला बाजूला घेऊन हेच विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "चाल, आता झालं थे झालं."

आता मुद्द्याचं. शिंदीचा काप दर साली एकाच बाजूला देत नाहीत. यंदा पूर्वेकडून दिला तर पुढच्या हंगामात पश्चिमेकडून. असं आलटून पालटून केलं तर खोडाला जिन्यासारख्या खाचा पडतात, पण झाड जगतं. आमच्या धुऱ्यावर याच रीतीवर मालकी ठरलेली आहे. काप ज्याच्या शेताकडे तोंड करून असेल, त्या साली रस त्याचा. पूर्वेकडे काप, काकांचं साल. पश्चिमेकडे काप, आमचं साल. चढायचं मात्र दोन्ही सालं काकांनीच, कारण आमच्या घराण्यात स्टुलावर चढलं तरी गरगरतं.

या नेमाला एक शेपूट आहे. काका नवे नवे चढायला लागले तेव्हा माझे आजोबा आणि काकांचे वडील यांच्यात एकदा एका रिकाम्या मडक्यावरून मोठा तंटा झाला. रस कुणी काढला, कुणी प्यायला, शेवटपर्यंत कळलं नाही. पंचांनी ठरवलं, की एकाच्या सालात दुसऱ्यानं, झाडावर चढणारा सोडला तर, सूर्य वर येईपर्यंत धुऱ्याकडे फिरकायचंच नाही. भांडणारे दोघेही केव्हाच गेले. नेम काकांनी जिवंत ठेवला. त्यांच्या एका सालात माझं वासरू रात्री सुटलं आणि पहाटे नेमकं पाटलिणीखाली जाऊन उभं राहिलं. मी ते धरायला निघालो तर वरून, झाडावरून, आवाज आला. "कुठं निघाला बे? सूर्य वर येऊ दे, मंग हुडक."

"हुडकायचं काय काका, हे काय समोर दिसून राह्यलं."

"दिसून राह्यलं त पाय तिथून."

मी पाहत राहिलो. वासरानं तेवढ्यात माझ्या तुरीची एक अख्खी ओळ संपवली. सूर्य वर आला, काकांनी खाली उतरून स्वतः वासरू माझ्या हाती दिलं आणि वर गुळाचा खडाही दिला, मला नाही, वासराला.

आमच्या सालात याच्या उलट. तेव्हा यायचंच. काका नीरा कुणाच्या दारी पोचवत नाहीत; आपलं भांडं घेऊन झाडाखाली उभं राहायचं, चपला काढायच्या आणि तिथंच प्यायची. अंधारातच त्यांचे मिस्ड कॉल सुरू व्हायचे. आई कुरकुरत उठायची, वंदना शाल शोधायची, मी सगळ्यांना शिव्या घालत चपला शोधायचो ज्या पुढं काढायच्याच असायच्या. मग काका एकेक मडकं घेऊन उतरायचे आणि प्रत्येक झाडाची खबर सांगायचे. नखरेल आज रुसली, बहिरीनं कमाल केली, पाटलीण आता म्हातारी होऊन राह्यली पण मान्य करत नाही. आई त्यांना विचारायची, तुमची तब्येत कशी हाय ते सांगा, तर ते पुन्हा पाटलिणीवर यायचे. हसून हसून आमची थंडी जायची.

दोन हंगामांमागं काकांचं साल होतं. त्या थंडीत काकू चुलीशी होत्या, नेहमीसारख्या. पुढच्या उन्हाळ्यात ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या. काकांनी कुणापुढे डोळे पुसले नाहीत. तेराव्याला त्यांनी विहिरीवरून धुऊन आणलेला सदरा घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि सगळ्यांना जेवायला वाढलं. मागच्या थंडीत आमचं साल आलं. मिस्ड कॉल आले, आम्ही गेलो, नखरेल रुसली, सगळं पूर्वीसारखं झालं. मला वाटलं म्हातारा सावरला.

यंदा दिवाळी झाली आणि मी कपाशी वेचायला माणसं घेऊन शेतात गेलो. धुऱ्यावर नजर गेली आणि मी जागीच थबकलो. काप देण्याआधी झाडाच्या त्या बाजूच्या झावळ्या उतरवून खोड तासतात आणि काही दिवस वाळू देतात. झाडं तासलेली होती. पांढरीशुभ्र. आणि तासलेली बाजू पश्चिमेची होती. आमची. मागच्या सालच्या खाचेच्या बरोबर वर.

हे काय आहे ते शहरातल्या माणसाला कळायचं नाही. एकाच बाजूनं सलग दोन सालं काप दिला की खोड त्या अंगानं पोखरतं आणि पुढच्या वादळात मधोमध मोडतं. शेजारच्या गावात एकानं हावरटपणात असं केलं होतं, तर काकांनी त्याच्या मुलीच्या लग्नाचं जेवण नाकारलं होतं. आणि आता तेच काका.

गावाला विषय मिळाला. कुणी म्हणालं म्हाताऱ्याला दिशा कळेनात, कुणी म्हणालं काकू गेल्यापासून डोक्यावर परिणाम आहे. कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला आणि तो फिरत फिरत यवतमाळला प्रशांतकडे पोचला. त्याचा मला फोन आला.

"दादा, बाबा दिशा चुकले म्हणतात. असं असलं तर त्यांना झाडावर चढू देणं म्हणजे जिवाशी खेळ. शेत मक्त्यानं देतो अन् त्यांना इकडं घेऊन येतो. पण तू एकदा जाऊन नीट पाह्य. तू म्हणशील डोकं ठीक हाय, तर मी गप बसतो."

म्हणजे डोमाजीकाका धुऱ्यावर राहणार की यवतमाळला फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत बसणार, हे मी ठरवायचं.

संध्याकाळी मी त्यांच्या शेतातल्या झोपडीवर गेलो. काका कोयत्याला धार लावत होते. मी सरळ विचारलं, "काका, यंदा काप इकडून काहून?"

"वारा बदलला," काका म्हणाले.

"वाऱ्याचा काय संबंध?"

"पूर्वेचं ऊन यंदा पातळ हाय."

"काका."

"पाटलीणच म्हणाली मले, इकडूनच घे म्हणून."

मी म्हटलं याची परीक्षा घ्यावी. विचारलं, मागच्या थंडीत साल कुणाचं होतं? "तुमचं." त्याच्या मागच्या? "माहं." त्याच्या मागच्या? त्यांनी तेही सांगितलं, शिवाय त्या साली माझ्या बैलाला काय झालं होतं, कुणाचं औषध लागू पडलं नाही आणि मी कुणाच्या नादी लागून कोणतं बियाणं आणलं होतं तेही सांगितलं. मला ते विसरायचं होतं.

"मंग यंदाचं साल कोणाचं?" मी विचारलं.

कोयत्याची धार त्यांनी अंगठ्यानं चाचपली. "तुमचंच."

"सलग दोन सालं?"

"तुले फुकट मिळून राह्यलं ना? मंग कायले फाटे फोडतो?"

मी घरी आलो तो डोकं धरून. आई म्हणाली देणारा देतो तर घे, विचारतोस काय. मी वंदनाला म्हटलं, "डोकं तर माझ्यापेक्षा ठीक आहे त्यांचं. सगळं आठवतं. मग जाणूनबुजून झाडं मारायला निघालेत का?"

वंदना गव्हातले खडे काढत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "त्यांच्या सालात पहाटे त्यांच्याजवळ कोण असायचं?"

"काकू."

"अन् यंदा त्यांचं साल असतं तर कोण असतं?"

कुणी नसतं. आम्हाला जायला बंदी, आणि बंदीचे पहारेकरी खुद्द काका. माणूस नेमाचा एवढा पक्का, की नेम मोडून "या रे बसायला" एवढं म्हणणं त्याला जमलं नाही. त्यापेक्षा त्यानं आपलं साल आमच्या गळ्यात घातलं, म्हणजे दोन महिने रोज पहाटे आम्हाला यावंच लागेल. त्यासाठी लेकीसारखी जपलेली झाडं मोडली तरी चालतील, गावानं वेडा म्हटलं तरी चालेल. मला त्यांचा राग आला. वंदना म्हणाली, अजून नुसतं तासलंय, खोल काप दिलेला नाही. उद्याच जाऊ.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. आईनं थर्मासऐवजी चहापत्ती, साखर आणि दुधाची बाटली पिशवीत टाकली. आम्ही आमच्या बाजूनं गेलो नाही. मोठा वळसा घालून काकांच्या शेतातून, पूर्वेकडून गेलो, थेट त्या चुलीपाशी जिथं काकू बसायच्या. चूल थंड होती, राखेवर पालापाचोळा पडला होता. वंदनानं तो बाजूला केला आणि काड्या रचल्या.

तासलेलं खोड वाळलं का ते चाचपायला काका अंधारातच चढले होते; बहिरीच्या शेंड्यावरून आवाज आला. "कोण होय तिकडं?"

"मी होय, काकाजी," वंदना म्हणाली. "चहा मांडते."

"सूर्य वर नाही आला अजून. माह्या सालात कोणी यायचं नसते."

आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. वंदनानं चूल फुंकली आणि शांतपणे विचारलं, "तुमचं साल हाय का, काकाजी? मंग खोड पलीकडून काहून तासलं?"

वर दोर सरकल्याचा आवाज आला. काका उतरले. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. ते चुलीपासून जरा अंतरावर, आमच्याकडे पाठ करून बसले. चहा उकळला. आईनं कप त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत.

"सूनबाई," ते म्हणाले, "मडकं भरते. थे घेऊन उतरायचं. खाली कोणीच नसन त कोणाले द्यायचं? तुमी असले त मी उतरतो तरी. नाही त वरच बसून राहावं वाटते."

मी चुलीत एक काडी सरकवली आणि म्हटलं, "काका, तंटा माझ्या आजोबांचा होता. त्यांच्या वाटची बंदी मी आज मोडली. तुमच्या सालातही आम्ही येऊ."

ते लगेच वळले. नेमाचा विषय निघाला की त्यांच्यात जीव येतो. "असं कसं मोडता? पंचांनी ठरवलं थे."

"पंच गेले."

"नेम थोडी गेला?" त्यांनी थोडा विचार केला. "यायचं असन त या. पण मडक्याले हात नाही लावायचा. माह्या सालात मी देईन तेवढंच प्यायचं. अन् चुलीच्या अलीकडंच बसायचं." आईनं सांगितलं की ती वाटेल तिथं बसेल, तिचे गुडघे काकांच्या पंचांना विचारून दुखत नाहीत. काकांनी ते चालवून घेतलं.

मग त्यांनी चहा एका घोटात संपवला, साखर कमी असल्याचं सांगितलं आणि नाल्यातून ओली माती आणली. एकेका झाडाची आमच्याकडची तासलेली बाजू ते हातानं लिंपायला लागले. पाटलिणीपाशी जरा जास्त वेळ थांबले आणि तिला काहीतरी पुटपुटले. मी विचारलं नाही.

उजाडल्यावर मी तिथूनच प्रशांतला फोन लावला. "डोकं एकदम शाबूत आहे," मी म्हटलं. "आपल्या सगळ्यांपेक्षा जास्तच चालतंय. फक्त ते एकटे पडलेत. फ्लॅटवर नेऊ नको त्यांना. तूच थंडीत रजा काढून इथं चार दिवस येत जा."

तिकडं प्रशांत हळूच म्हणाला, "दादा, मी आलो तर बाबाले आवडन? त्यांनी कधी ये म्हटलंच नाही."

फोन स्पीकरवर होता. काका नखरेलच्या खोडावर माती थापत होते, आमच्याकडे न बघता.

"त्याले म्हण, स्वेटर घेऊन ये," ते म्हणाले. "पहाटे इथं लय थंडी असते."